एका कांडीच्या दोन गोट्या

माझ्या घरमालकीणबाईंनी मला खोली देण्याआधी माझे दात तपासले. मी आधार कार्ड, कंपनीचं पत्र, अकोल्याच्या घरचा पत्ता असं सगळं एका फायलीत नीट लावून नेलं होतं. त्यांनी फाइल न उघडताच बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “बस त्या खुर्चीत. तोंड उघड.”

खुर्ची दाताच्या दवाखान्यातली होती. सदाशिव पेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर पुढे त्यांचा दवाखाना आणि मागे दोन खोल्यांचं घर. दवाखाना बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण खुर्ची, तिच्यावरचा दिवा, थुंकायचं भांडं, अवजारांचा ट्रे, सगळं जागच्या जागी होतं आणि रोज पुसलं जात होतं. त्यांनी दिवा लावला, लांब दांड्याचा छोटा आरसा माझ्या तोंडात घातला आणि एकेक दात बघत गेल्या.

“काय करून राहिल्या तुम्ही?” मी उघड्या तोंडाने जमेल तसं विचारलं.

“भाडेकरू तपासतेय,” त्या म्हणाल्या. मग आरसा पुसत त्यांनी निकाल दिला. “डावीकडचे दात स्वच्छ, उजवीकडच्यांचा कंटाळा. म्हणजे सुरुवात जोरात आणि शेवटी ढिलाई. नळ अर्धवट बंद करशील. पण दाढा मजबूत आहेत, भांडलीस तर नीट भांडशील. राहा. चूळ भर.”

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. पहिल्याच भेटीत कुणी माझ्याच चुका इतक्या बिनचूक काढाव्यात, याचा मला रागही आला आणि आदरही वाटला. शिवाय दुसरी खोली मिळतही नव्हती.

माझी खोली म्हणजे दवाखान्यातली पेशंटांनी ताटकळत बसायची जागा. तिथला लाकडी बाक काढून खाट टाकली होती, पण भिंतीवरचं किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र त्यांनी काढू दिलं नाही. “ते तुझ्या आधीपासून आहे,” म्हणाल्या. दोन वर्षं मी त्या दाढेखाली झोपले.

पहिल्या दिवशी मी त्यांना सहज काकू म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काका दिसले का कुठे?”

“नाही.”

“मग काकू कुठून आली?”

त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर, वेळ मिळाला नाही, एवढंच सांगायच्या. मी त्यांना डॉक्टर म्हणायला लागले. त्या मला अगं म्हणायच्या. फार राग आला की आपण म्हणायच्या. “आपण आंघोळीला किती वाजता जाणार आहात, की पाणी गेल्यावरच?” अशा वेळी पटकन उठलेलं बरं.

गोट्या मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसल्या; खुर्चीत बसले तेव्हा डोळ्यांवर दिव्याचा झोत होता. चहा करायला स्वयंपाकघराकडे निघाले होते, तर दवाखान्याच्या तीन भिंतींवर काचेची कपाटं, आणि त्यांत ओळीने प्लास्टरचे जबडे. कवळी किंवा दाताची टोपी करण्याआधी पेशंटच्या दातांचा जो साचा घेतात, ते साचे. चाळीस वर्षांतले. आणि प्रत्येक जबड्यात, दातांच्या मधोमध, एकेक काचेची गोटी. निळी, पिवळी, आत लाल रेघांचा पीळ असलेली, दुधी, हिरवी. कपाटभर माणसं गोट्या चावत माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातलं दुधाचं पातेलं पडता पडता राहिलं.

“साचे टाकवत नाहीत आणि गोट्या घरंगळतात,” त्या मागून म्हणाल्या. “दोघांची सोय झाली.”

आमच्याकडे लहानपणी आम्ही त्यांना कंचे म्हणायचो आणि उन्हाळाभर मातीत लोळवायचो. कंचे म्हणजे सगळे सारखेच, अशी माझी समजूत. डॉक्टरांनी महिन्याभरात ती उपटून काढली. खऱ्या जुन्या गोट्या यंत्रावर होत नसत. काचेची जाड कांडी तापवायची, आत रंगीत काचेचे धागे भरलेली. ती पिळायची आणि मऊ असतानाच टोकाकडून कात्रीने एकेक गोटी कापून घ्यायची. जिथून कापली तिथे एक खडबडीत ठिपका राहतो. तो ठिपका बोटाला लागला, की गोटी हाताने केलेली आणि जुनी. यंत्राची गोटी सगळीकडून गुळगुळीत असते.

“दात उपटला की खड्डा राहतो ना, तसाच,” त्या सांगायच्या. आणि मग जी गोष्ट करायच्या ती पाहून नवा माणूस हादरायचा. गोटी स्वतःच्या पुढच्या दातावर हलकेच घासायच्या, डोळे मिटून. कुणी जुनी गोटी पॉलिश करून आणली असेल, ओरखडा लपवला असेल, तर दाताला कळतं म्हणे. आधी गोटी धुऊन घ्यायच्या, मग दातही घासून यायच्या.

गोट्यांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो सोवळ्यासारखा पाळला जायचा. गोटी विकत घ्यायची नाही. ती खेळून जिंकायची, किंवा ज्याला तिची पारख आहे त्याने आपणहून द्यायची. आणि जिंकलेली गोटी परत करायची नाही, कारण तो हरणाऱ्याचा अपमान. हा नियम त्यांनी नवव्या वर्षी केला. त्या वर्षी त्यांनी बोळात खेळताना आपल्या थोराड मामेभावाकडून एक गोटी जिंकली. स्वच्छ काच, आत पांढऱ्या धाग्यांचा पीळ आणि त्या पिळात एकच निळी रेघ. घरी आल्यावर आईने सांगितलं, उद्यापासून बोळात जायचं नाही, अंगठ्याला पोळ्या लाटायचं काम लाव. खेळ तिथे संपला. गोटी राहिली. मधल्या कपाटात, वरच्या ओळीत, एका सुंदर जबड्यात ती असायची. तो जबडा कुणाचा, हे विचारल्यावर त्या फक्त म्हणाल्या, “ज्याचा होता त्याने नीट ब्रश केला.”

पारख करून घ्यायला लोक यायचे. इंटरनेटवर काहीतरी वाचून, डबीत कापूस घालून. एकदा आयटीतलाच एक तरुण आला. “मॅम, धिस इज अ व्हेरी रेअर पीस. पणजोबांची आहे.” डॉक्टरांनी ती दिव्याखाली धरली, फिरवली, धुतली, दाताला लावली. पंधरा मिनिटं खोलीत चकार शब्द नाही. तो बिचारा घामाघूम.

“बाटली कुठे आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कुठली बाटली?”

“सोड्याची. ही तिच्या गळ्यातली आहे. पणजोबा सोडा प्यायले आणि गोटी घेऊन आले. चूळ भरा.”

कुठलंही संभाषण संपलं की त्या चूळ भरा म्हणायच्या. दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, फोनवर कर्ज विकणाऱ्या मुलीला. माझ्या आईलासुद्धा एकदा म्हणाल्या. आईने अकोल्यात खरंच चूळ भरली.

दाराबाहेर त्यांनी पाटी मात्र लावलेली नव्हती. आमच्या पेठेत हे मोठं नवल. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पाटी वाचून लोक हसतात, फोटो काढतात आणि मग बेल वाजवतातच.”

त्या कधी चुकत नाहीत याचा मला त्रास व्हायला लागला. टेस्टरची खोड ती. म्हणून मी एक उद्योग केला. तुळशीबागेतून नवी गोटी आणली, बाथरूमच्या शहाबादी फरशीवर चार दिवस चोरून घासली, एका बाजूला छान खडबडीत ठिपका काढला, चहाच्या पाण्यात रात्रभर ठेवली आणि खालच्या ओळीतल्या एका रिकाम्या जबड्यात बसवून दिली. सकाळी त्यांनी कपाटं पुसली. काही बोलल्या नाहीत. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. नाश्त्याला पोहे वाढले आणि माझ्या बशीत, पोह्यांच्या वर, लिंबाच्या फोडीऐवजी ती गोटी.

“शहाबादीवर घासलीस,” त्या म्हणाल्या. “नळाखालच्या फरशीवर, तिथे साबण साचतो. आणि चहा आपल्याच डब्यातला, त्यात मी गवती चहा घालते, त्याचा वास आहे. मेहनत मात्र चांगली आहे. अजून दहा वर्षं घास.”

असं हे प्रकरण. त्यामुळे त्या चुकू शकतात हे मला कळलं, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ती गोष्ट आता सांगते.

वारज्याला एक साहेब राहायचे. धरणावर नोकरी, उभी हयात खडकवासल्याला दरवाज्यांवर काढलेली. निवृत्त झाल्यावर वारज्यात फ्लॅट घेतला, पत्नी गेल्या, मुलगी परदेशात. शांत, सावळे, उंच, पांढराशुभ्र शर्ट कायम इस्त्रीचा. अकरा वर्षांपूर्वी ते दाढेच्या दुखण्याने डॉक्टरांच्या खुर्चीत येऊन बसले. तोंडात कापूस, वर दिवा, आणि समोरच्या कपाटात ती निळ्या रेघेची गोटी. साहेब एकदम आं आं करायला लागले. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, त्यांनी भूल वाढवली. साहेब आणखी जोरात आं आं. कापूस काढल्यावर कळलं, ते म्हणत होते, अशीच एक माझ्याकडे आहे. कालव्यातला गाळ काढताना त्यांना ती सापडली होती.

त्याच रविवारी डॉक्टर आपली गोटी रुमालात बांधून वारज्याला पोचल्या. साहेबांनी ती तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली. त्यांची स्वतःची मात्र भिंतीवरच्या काचेच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी, अंडं ठेवायच्या चिनी मातीच्या कपात होती. खालून दिसायचा नुसता कप. कपाटाला कुलूप. आणि किल्ली, साहेब म्हणाले, सापडत नाहीये.

पण ऐकतील त्या डॉक्टर कसल्या. त्या स्टुलावर चढल्या, पर्समधून दात बघायचा आरसा काढला आणि दाराच्या वरच्या फटीतून आत घालून कपावर धरला. पांढरा पीळ. निळी रेघ. तितक्याच जाडीची, तशीच एका बाजूला सरकलेली. त्यांनी तिथेच, स्टुलावरूनच जाहीर केलं की या दोन गोट्या एका कांडीच्या आहेत. कांडीवरून एकामागोमाग कापलेल्या सख्ख्या बहिणी. असा जोड जगात क्वचित सापडतो, आणि या दोघी एकाच शहरात, नदीच्या दोन काठांना, एकमेकींवाचून राहिल्या.

साहेब म्हणाले, “असं म्हणता?”

“म्हणत नाही. सांगते.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला डॉक्टर वारज्याला जायच्या. साहेबांना पटवायला. ती गोटी आपणहून द्या, जोड एकत्र राहू द्या. साहेब चहा करायचे, ऐकून घ्यायचे, नाही म्हणायचे. किल्ली काही सापडायची नाही. मी राहायला आल्यावर स्कूटर चालवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मलाही हा कार्यक्रम पाठ झाला. जाताना त्या नवे मुद्दे सांगायच्या, येताना साहेबांना शिव्या द्यायच्या. “दगड आहे तो माणूस. धरणातच बांधायला हवा होता.”

मी एकदा म्हटलं, “मग सोडून द्या ना नाद.”

“बहिणींची गाठ घालून दिल्याशिवाय मरायचं नाही, असं ठरवलंय मी,” त्या म्हणाल्या, आणि हे मात्र त्यांनी जरासुद्धा खवचटपणे म्हटलं नाही.

मग त्यांचा अंगठा दुखायला लागला. चाळीस वर्षं दात उपटून सांधा झिजला होता. हाडांच्या डॉक्टरने सांगितलं, वर्षभरात हा अंगठा वाकायचा बंद होईल. त्या घरी आल्या, अंगठ्याकडे बघत बसल्या, आणि पुढच्या रविवारी त्यांनी साहेबांपुढे चहाचा कप सरकवून ठेवला.

“देत नाही ना? मग खेळा. तुमची गोटी आणि माझी गोटी, जिंकेल त्याच्या दोन्ही. अंगठा आहे तोवर. नाही खेळलात तर हा माझा इथला शेवटचा रविवार.”

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, “खेळू.”

डाव ठरला आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत दवाखान्याच्या फरशीवर सतरंजी घालून आमचा सराव चालला. डॉक्टर पंजा जमिनीला टेकवून गोटी मारायच्या आणि मी खाटेखाली, कपाटाखाली, थुंकायच्या भांड्यामागे शोधत हिंडायची. अंगठ्याला त्या आधी गरम पाण्याचा शेक द्यायच्या. “बहात्तर वर्षांच्या बाईला हे शोभतं का, असं मनात आलं असेल तर बोलून टाक,” मला म्हणाल्या. मनात आलं होतं. बोलले नाही, दाढा शाबूत ठेवायच्या होत्या.

वारज्याच्या त्या सोसायटीत सगळीकडे फरसबंदी, फक्त पाण्याच्या टाकीमागे मातीचा एक तुकडा उरलाय. तिथे वॉचमनने खुरप्याने छोटा खळगा करून दिला. त्याला गल म्हणतात. आधी आपली गोटी गलीत घालायची, मग समोरच्याची टिपायची. टिपली की डाव जिंकला. तीन डावांत दोन जिंकेल तो खरा. खेळायला साध्या गोट्या, कारण जुनी गोटी दुसरीवर आपटली तर टवका उडतो. पणाला लावलेल्या दोन्ही मी हातात धरायच्या. मी पंच.

साहेबांनी शर्टाच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली तेव्हा डॉक्टरांच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. अकरा वर्षं न सापडलेली किल्ली. गोटी त्यांनी रुमालात गुंडाळून, गाठ मारून माझ्याकडे दिली.

“बघू,” डॉक्टर म्हणाल्या.

“आत्ता नाही. जिंकलात की बघा.”

पहिला डाव साहेबांनी घेतला. त्यांचा नेम जबरदस्त होता, मला धडकीच भरली. दुसरा डॉक्टरांनी घेतला. तिसऱ्याला डॉक्टर उकिडव्या बसल्या त्या उठवेना, तर तशाच सरकत पुढे गेल्या. वॉचमन म्हणाला, “बाई, अंगठा आसा न्हाई, आसा धरा. नायतर जाईल तिकडं.” डॉक्टर म्हणाल्या, “आपण गेट सांभाळा.” आणि मारली. सात-आठ हातांवरून. गोटी साहेबांच्या गोटीवर टिक्कन आपटली.

साहेब पांढरे पडले. हरलेला माणूस पाहिलाय मी, पण असा नाही. त्यांनी मान हलवली, चहाला वर बोलावलं नाही, आणि लिफ्ट सोडून जिन्याने गेले. मला वाटलं, गोटीवर फार जीव होता बिचाऱ्यांचा. डॉक्टर गाठोडं मुठीत धरून स्कूटरवर बसल्या, घर येईपर्यंत मूठ सोडली नाही.

घरी आल्यावर त्यांनी ऑपरेशनला धुवावेत तसे हात धुतले, दिवा लावला, ट्रेमध्ये दोन्ही गोट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मी चहा टाकायला गेले. परत आले तर दिवा बंद. त्या पेशंटच्या खुर्चीत बसलेल्या.

चहा घेतला नाही. सोमवारी बोलल्या नाहीत. मंगळवारी मी नळ मुद्दाम अर्धवट उघडा ठेवला, तरी बोलल्या नाहीत. बुधवारी मी खरंच घाबरले. संध्याकाळी त्यांनी हाक मारली.

“तू टेस्टर ना? तपास.”

मी दिव्याखाली वाकले. दोन्ही सुंदर. पांढरे धागे, निळी रेघ. पण एकीचा पीळ उजवीकडे वर चढत होता आणि दुसरीचा डावीकडे.

“या सारख्या नाहीत,” मी म्हणाले. “उलट्या आहेत.”

“एकाच कांडीला दोन्हीकडून पीळ पडत नाही. आता यातून बघ.” त्यांनी तो लांब दांड्याचा आरसा साहेबांच्या गोटीवर धरला. आरशात तिचा पीळ उजवीकडे चढला. आता दोघी हुबेहूब.

“अकरा वर्षं मी ती फक्त आरशातूनच पाहिली,” डॉक्टर म्हणाल्या. “आरशात बघून हजारो दात उपटले, कधी डाव्याच्या जागी उजवा उपटला नाही. आणि हिच्या बाबतीत माझ्या डोक्यातही आलं नाही. मला हव्या होत्या म्हणून त्या बहिणी झाल्या.”

मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी चुकून काकू म्हणाले. त्यांनी सुधारलंही नाही.

“परत देऊन टाका ना त्यांना,” मी म्हटलं.

“जिंकलेली परत देत नाहीत. आणि देताना सांगू काय? की दर रविवारी येऊन तुमच्या डोक्यात खोटं घालत होते? त्यावर तुमची एकुलती एक गोटी जिंकून नेली? मग मी त्या माणसासमोर बसू कशी?” त्यांनी दिवा बंद केला. “पुन्हा खेळायचं. आणि हरायचं.”

रविवारी आम्ही गेलो तेव्हा साहेबांनी दार उघडलं आणि इतके चकित झाले की आत या म्हणायचंच विसरले. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा खेळायचं, मी दोन्ही लावते. साहेब म्हणाले, माझ्याकडे लावायला काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, तो अंड्याचा कप लावा. तशी ती जगातली सगळ्यात विषम पैज टाकीमागे सुरू झाली. या वेळी एकच डाव.

डॉक्टरांची गोटी गलीच्या उजवीकडून गेली. मग डावीकडून. मग थेट टाकीच्या नळाला लागली. आठवडाभरापूर्वी सात-आठ हातांवरून टिपणारी बाई वीतभर अंतरावरून हुकवत होती, आणि तोंडाने म्हणत होती, “अंगठा. अंगठाच तो.” अभिनय असा भिकार, की शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा घेतलं नसतं. मला हसू आवरेना. मग माझ्या लक्षात आलं की साहेबांचीही गोटी गलीत जात नाहीये. ते शांतपणे, इस्त्रीचा शर्ट सांभाळत, दर वेळी गलीच्या बरोब्बर चार बोटं अलीकडे गोटी थांबवत होते. एवढ्या नेमाने हुकवायला केवढा नेम लागतो.

अर्धा तास हे चाललं. वॉचमन कंटाळून गेटवर गेला.

“नीट खेळा,” डॉक्टर म्हणाल्या.

“तुम्ही नीट खेळा,” साहेब म्हणाले. “तुम्ही मुद्दाम हुकवताय. दया म्हणून दिलेली गोटी मला नको.”

“दया नाहीये ती.”

“मग काय आहे?”

डॉक्टर मातीत बसल्या होत्या, पदर मळलेला, अंगठा सुजलेला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काही मदत करणार होते. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, “त्या एका कांडीच्या नाहीत. पीळ उलटा आहे. मी आरशात पाहिली आणि चुकले. तुमची गोटी मी चुकीने जिंकलेय.”

हा चुकले शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. साहेबांनी आपली गोटी उचलली, तिची माती पुसली.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“पीळ उलटा आहे ते. पहिल्याच रविवारी कळलं. तुमची गोटी तुम्ही माझ्या हातात दिली होतीत ना. आयुष्यभर धरणाच्या दरवाज्यांचे स्क्रू फिरवलेत, डॉक्टर. उजवा आटा कुठला आणि डावा कुठला, हे मला एका नजरेत कळतं. तुम्ही स्टुलावरून सांगितलंत तेव्हा मी बोलणार होतो. मग किल्ली सापडत नाही असं सांगून बसलो होतो, तेच पुढे चालू ठेवलं.”

“अकरा वर्षं मी बडबडत होते आणि तुम्ही ऐकून घेत होता. बोलला का नाहीत?”

साहेबांनी गोटी या हातातून त्या हातात केली.

“बोललो असतो,” ते म्हणाले, “तर पुढच्या रविवारी आला असतात का?”

वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. मी टाकीवर लिहिलेली सूचना वाचायला लागले, पाणी जपून वापरा, पुन्हा पुन्हा तीच. त्या दोघांचा मला मनापासून हेवा वाटला आणि माझं तिथे असणं फार चुकीचं वाटलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पदराने पुसला. पदराची माती काचेला लागली, पुन्हा पुसला.

“तुमची पाळी आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, कोरडा. “आणि आता हुकवलंत, तर मी खरंच येणार नाही.”

साहेब खाली बसले. पंजा टेकवला. गोटी सरळ गलीत गेली. ती काढून त्यांनी पुन्हा नेम धरला आणि डॉक्टरांची गोटी असली सणसणीत टिपली की ती नळाखालच्या चिखलात जाऊन रुतली. मग उठले, हात झटकले आणि माझ्यापुढे तळवा केला. मी रुमालाची गाठ त्यात ठेवली. डॉक्टरांची नवव्या वर्षी जिंकलेली गोटीही त्या गाठीत होती. साहेबांनी ती बिनदिक्कत शर्टाच्या खिशात घातली.

“दोन्ही माझ्याकडे आहेत,” ते म्हणाले. “परत हव्या असतील तर खेळून न्या. चला, चहा टाकतो.”

परतीच्या वाटेवर डॉक्टर मागे बसून काही बोलेनात. नळस्टॉपचा सिग्नल गेला, पूल आला. आता रडतात की काय, म्हणून मी आरशात पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

“चोर आहे तो माणूस,” त्या म्हणाल्या. “अट्टल चोर. चाळीस वर्षं सरकारने त्याच्या हातात धरण दिलं.”

पूल संपला. त्यांनी माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केली, सुजलेल्या अंगठ्याच्या शेजारच्या बोटाने.

“पुढच्या रविवारी नऊलाच निघू,” त्या म्हणाल्या. “दहाला फार उशीर होतो.”